डाळिंबी मखमलीचा ठसा

वाचकांचे अतर्क्य अनुभव छापणाऱ्या या सदराला मी याआधी दोन पत्रं लिहिली आहेत. दोन्ही रागाची. 'असले अनुभव छापून तुम्ही लोकांना आंधळं करताय' असं पहिल्यात होतं, दुसरं त्याहून कडक. संपादकांनी दोन्ही छापली, हा त्यांचा मोठेपणा. आणि आज मीच अनुभव लिहायला बसलेय... हसा हवं तर. तुमच्या जागी मी असते तर नक्की हसले असते.

माझं नाव समता. ते अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठेवलं. अप्पा अमळनेरहून सुरतेला लूमवर कामाला आले आणि लूमपेक्षा युनियनमध्ये जास्त रमले. उधन्याच्या आमच्या खोलीत खाट नव्हती, पण पत्रकांचे गठ्ठे छतापर्यंत होते. मी त्यांच्यावर झोपले आणि त्यांच्यावरूनच वाचायला शिकले. कॉलेजात गेल्यावर स्वतः पत्रकं लिहू लागले. अंगात येणं, करणी, मंतरलेले दोरे — एकेकाची सालटी काढली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं होतं 'पुरावा मागा'. लिंबायतपासून पांडेसऱ्यापर्यंत मी ते स्वतः वाटलं. लोकांनी त्यात भजी बांधली, तरी वाटलं.

तर अशी मी.

एमएस्सी झाल्यावर मजुरा गेटजवळच्या एका खाजगी प्रयोगशाळेत लागले. हे नव्वदच्या दशकाच्या शेवटचं सांगतेय. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. पुढे ऑफिस, मधे काम करायची जागा आणि मागे एक लहान खोली, जिथे इन्क्युबेटर आणि ऑटोक्लेव्ह. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच म्हणा, त्यातल्या वाफेत कुठलाही जंतू टिकत नाही. मागची खोली कायम ऊबदार असायची. दुपारी तिथे उभं राहिलं की डोळे जड व्हायचे. खालच्या रस्त्यावरचे रिक्षांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे वाटायचे.

आमचे साहेब, देसाईसाहेब, शहरातल्या टायफॉइडच्या जंतूंची तुलना करत होते. पाच-सहा दवाखान्यांतून नमुने यायचे. प्रश्न एवढाच — दिसायला हे सगळे जंतू सारखे, पण स्वभावाने सारखे आहेत का? कुठलं औषध कोणाला मारतं, कोण कशाला पुरून उरतो?

त्यासाठीची पद्धत इतकी साधी आहे की मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. काचेच्या बशीसारखी प्लेट असते, तिच्यात अगारचा थर, म्हणजे जंतूंचं अन्न घातलेली जेली. तिच्यावर जंतू ठिपक्याठिपक्यांनी वाढतात. एका गोल ठोकळ्यावर निर्जंतुक केलेल्या मखमलीचा चौकोन ताणून बसवायचा आणि त्यावर ही प्लेट हलकेच टेकवायची. मखमलीच्या केसाकेसावर ठिपक्यांचा ठसा येतो. मग त्याच मखमलीवर दुसऱ्या प्लेटा एकामागून एक टेकवायच्या — एकीत एक औषध, दुसरीत दुसरं. रात्रभर ऊब द्यायची. सकाळी प्लेटा शेजारी ठेवल्या की कळतं, हा इथे जगला आणि तिथे मेला. आणि या सगळ्याच्या आधी एक कोरी प्लेट टेकवायची. तिच्यात औषध नाही, मखमलीला अजून जंतूही लागलेले नाहीत. ती सकाळी कोरीच निघाली पाहिजे. निघाली नाही तर समजायचं, आपल्या कामात घाण आहे.

आता मखमलीबद्दल. ती आली रघुमामाकडून.

रघुमामा आईचा धाकटा भाऊ. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यांच्या इस्टेटमध्ये मखमलीच्या लूमवर होता. राहायला लिंबायतला, आमच्यापासून सायकलवर जाण्याएवढं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाने भाचीला कापड द्यायची रीत आहे. मी सणावाराचं काही घेत नाही हे त्याला माहीत होतं, तरी दरवर्षी तो यायचाच. त्या वर्षी वर्तमानपत्रात गुंडाळलेला डाळिंबी मखमलीचा तुकडा घेऊन आला. ब्लाउज शिव म्हणाला.

"मामा, मी सणाचं घेत नाही. दरवर्षी तेच काय?"

"सणनं नको लेऊ. मामानं ले."

मी कापड घेतलं. हात फिरवला तर इतकं दाट, मऊ... मी विचारलं, हे असं केस उभे राहिलेलं विणतात कसं? मामाने दोन्ही तळवे समोरासमोर धरून दाखवलं.

"दोन कापडं तोंडले तोंड लाईसन विणातस. मझार चाकू फिरस. एकना दोन व्हतस."

म्हणजे दोन कापडं समोरासमोर तोंड करून एकदमच विणली जातात, मधे केसांचे धागे दोघांना जोडलेले. मग मधून पातं फिरतं, आणि एकाची दोन होतात. जुळी.

ब्लाउज मी शिवला नाही. आमची प्रयोगशाळेतली मखमल संपत आली होती, बाजारातली पातळ निघायची. मी मामाच्या कापडाचा रंग उकळून काढायचा प्रयत्न केला. तो गेला नाही, पण सुटतही नव्हता. मग चौकोन कापले. हे कमलमामीच्या कानावर गेलं तेव्हा ती आईला म्हणाली, "आखाजीचं कापड कोणी जंतूंना नेसवतं का?" आणि माझ्याशी बोलायचीच बंद झाली. मीही त्यांच्या घरी गेले नाही. कशाला जायचं? मी काही चूक केली नव्हती.

त्या कापडाच्या पहिल्या चौकोनाने मी काम केलं तो दिवस मला स्वप्नासारखा आठवतो. बाहेर ऊन पांढरं झालेलं, लाइट जात-येत होती. ऑटोक्लेव्हमधून काढलेली मखमल सुकवून मी ठोकळ्यावर ताणली आणि कोरी प्लेट तिच्यावर टेकवली. तेवढ्यात मला लूमचा आवाज ऐकू आला. खटाखट खटाखट, दुरून, एका लयीत. मजुरा गेटला लूम नाहीत. मी लूमच्या आवाजात वाढले आहे, तो कानात कधीही वाजू शकतो, असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते. पण हात प्लेटवर तसाच राहिला. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

सकाळी कोऱ्या प्लेटवर एक ठिपका होता. एकच. प्लेटच्या वरच्या कडेला मी खूण करते, त्या खुणेने पाहिलं तर डावीकडे खाली, कडेपासून थोडा आत. फिकट, ओलसर, धुक्याचा थेंब असावा तसा.

"घाण शिरली," देसाईसाहेब म्हणाले. "फेकी दे, बेटा. फरीथी कर."

मी फेकली नाही. पुन्हा केलं. नवा चौकोन, नवी वाफ, नवी प्लेट. सकाळी ठिपका. डावीकडे खाली. तिसऱ्यांदा बाजारची जुनी मखमल आणि मामाची मखमल एकाच वेळी एकाच ऑटोक्लेव्हमध्ये घातली, एकाच हाताने काढली. बाजारच्या मखमलीची प्लेट कोरी निघाली. मामाच्या मखमलीची... तिथेच. मी चौकोन फिरवून बसवला, उलटा धरला, टोकाचा कापला, मधला कापला. जागा बदलली नाही.

आता साहेबही खुर्ची ओढून बसले.

"ऑटोक्लेव्ह?"

"तपासला, साहेब. बरोबर आहे."

"हात?"

"माझे? माझे हात खराब असते तर बाजारच्या कापडावर पण यायला हवं ना!"

"गरम शेनी थाय छे? चिडू नको, प्रश्न विचारतो मी."

मग आम्ही त्या ठिपक्याला इतर जंतूंसारखीच वागणूक दिली. कोणती साखर खातो, कोणती खात नाही, कशात जगतो, कशात मरतो. तो टायफॉइडचाच निघाला. पण त्याचा स्वभाव आमच्या फ्रीजमधल्या एकाही नमुन्याशी जुळेना. त्या काळात सगळीकडे उलट गोष्ट होती. जुनं स्वस्त औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, टायफॉइडवर चालेनासं झालं होतं, डॉक्टर नव्या गोळ्या द्यायचे. आणि हा पठ्ठ्या नव्या गोळ्यांच्या प्लेटवर आरामात वाढला. महागड्या इंजेक्शनच्या प्लेटवरसुद्धा. जुन्या औषधाच्या प्लेटवर मात्र काहीच नाही... स्वच्छ, चकचकीत अगार, खिडकी दिसत होती त्यात.

"आपल्या फ्रीजमधून आला असता तर फ्रीजमध्ये सापडला असता," साहेब म्हणाले. "पोरी, हा आला कुठून?"

मला माहीत नव्हतं. मी त्या जंतूला नाव दिलं नाही, नंबर दिला नाही. रोज सकाळी त्याच्याकडे बघायचे फक्त. कंटाळून, चिडून. आणि खोटं कशाला सांगू — थोडं ओढीनेही.

आषाढ लागला तेव्हा कमलमामी प्रयोगशाळेत आली. आयुष्यात पहिल्यांदा. दारातच उभी राहिली, चपला हातात घेऊन.

"चपला घाला हो मामी, इथे लागतात."

"समे, तुझा मामा उठत नाही गं."

दोन आठवडे ताप. आधी दुकानातून आणलेल्या गोळ्या, मग उधन्याच्या एका लहान नर्सिंग होममध्ये भरती. टायफॉइड. नव्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं चालू होती, ताप हलत नव्हता. भांडण होतं म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मामीला मागे बसवून सायकल हाणली.

दुपारची वेळ. खोलीत पडदा हिरवा होता, त्यामुळे सगळंच तळ्याच्या तळाशी असल्यासारखं दिसत होतं. मामा एका कुशीवर पडला होता. गाल बसलेले, ओठांना पापुद्रे. माझ्याकडे पाहून त्याला ओळखायला वेळ लागला.

"कशी शे व पोरी..."

 मी त्याच्याकडे बघतच नव्हते. त्याच्या गालाखाली उशी होती आणि उशीचा अभ्रा डाळिंबी मखमलीचा होता.

"मामी, हे कापड कुठलं?"

"तुझ्याच कापडाचं जुळं. वरचं तुला दिलं, खालचं मी मागून घेतलं. अभ्रा शिवला. मी नाही बाई जंतूंना दिलं."

मामाचा गाल उशीच्या डाव्या खालच्या बाजूला टेकलेला होता. घामाने तिथे कापड काळं झालं होतं.

वाचकहो, मी काय काय पत्रकं लिहिली आहेत ते वर सांगितलं.  त्या क्षणीही डोकं म्हणत होतं, योगायोग, योगायोग. मखमलीच्या उशा शेकडो घरांत आहेत. एका कापडाचा दुसऱ्याशी संबंध पात्याने तोडला तिथे संपतो. आणि माझ्या प्लेटवर ठिपका आला तेव्हा हा माणूस धडधाकट होता, सायकलवरून सचिनला जात होता. मग?

मग काही नाही. पण तो माझ्यासमोर मरत होता, आणि एका प्लेटला मी रोज बघत होते.

तिथल्या डॉक्टर मीनाबेन नवापूरच्या. मराठी छान बोलायच्या. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सरळ म्हटलं, "मामाला क्लोरॅम्फेनिकॉल द्या."

"रिपोर्ट आहे? त्याच्या रक्तातले जंतू प्लेटवर वाढवून पाहिले होते, काहीच आलं नाही. आधी गोळ्या खाऊन बसला होता ना. तुमच्याकडे कुठून आला रिपोर्ट?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. आमच्या लॅबचा कागद, साहेबांचा शिक्का... माझ्या हातातलं होतं सगळं. पण तसं केलं असतं तर ज्यांच्याविरुद्ध मी लिहिते त्यांच्यात आणि माझ्यात फरक राहिला नसता.

"त्यांचा रिपोर्ट नाही," मी म्हटलं. "कुणाचा आहे ते मला माहीत नाही." आणि सगळं सांगितलं. आखाजी, चौकोन, कोरी प्लेट, अभ्रा.

 मीनाबेननी खण उघडून एक चुरगळलेला कागद काढला. माझंच पत्रक. मीच कधीतरी त्यांच्या वेटिंग रूममध्ये टाकून गेले होते.

"'पुरावा मागा'," त्यांनी मोठ्याने वाचलं. "तर मागते. दे."

"नाही माझ्याकडे."

"आणि हे औषध रक्तावर उलटू शकतं, माहीत आहे? उशीचा अभ्रा बघून देऊ मी?"

"नका देऊ, बेन!" माझा आवाज चढला. "मी तुमच्या जागी असते तर दिलं नसतं. पण तुमची आत्ताची इंजेक्शनं चालत नाहीत, याचा पुरावा तर समोर पडलाय ना? तो बघा. बाकीचं मी म्हणते म्हणून नको."

त्या उठल्या. बाहेर गेल्या, मामाचं पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. "आतडं कधीही फुटेल," त्या हळू म्हणाल्या. "हाडातल्या मज्जेचा नमुना घेते. औषधं चालू असली तरी तिथे जंतू सापडतो. तुमच्या लॅबला पाठवते. उत्तर यायला तीन-चार दिवस लागतील... तेवढे दिवस याच्याकडे आहेत असं वाटत नाही मला."

आम्ही दोघी खाटेपाशी गेलो. मी मामाला समजावून सांगितलं — एक जुनं औषध आहे, मला वाटतं ते चालेल, का वाटतं ते मला सांगता येत नाही, त्यात धोका आहे.

त्याने डोळे मिटले. झोपला वाटलं. मग म्हणाला, "तू काय म्हनस, समे? मरसू का मी?"

"मला माहीत नाही, मामा."

"मंग दे ना माले. इचारत काय बठनी?"

मीनाबेननी हाडातला नमुना घेतला आणि संध्याकाळी औषध सुरू केलं. रक्त रोज तपासायचं ठरवलं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. मामी जवळ सरकून बसली आणि माझा हात हातात घेतला. मला त्या दिवसांचं नीट आठवत नाही. हिरवा पडदा आठवतो. कपाळावरची ओली पट्टी किती लवकर वाळायची ते आठवतं. आणि मग एका सकाळी ती वाळली नव्हती. मामी तिला हात लावून बघत होती, पुन्हा पुन्हा, आणि मला बोलवायचं सुचत नव्हतं तिला.

त्याच आठवड्यात हाडातल्या नमुन्यातून जंतू वाढला. देसाईसाहेबांनी तो मला हाताळू दिला नाही. सगळं स्वतः केलं, बाजारची मखमल वापरून. मग दोन्हींच्या प्लेटा टेबलावर जोडीने मांडल्या. एका रांगेत मामाच्या हाडातला, दुसऱ्या रांगेत माझ्या कोऱ्या प्लेटवरचा. साखरा, औषधं, सगळं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"एकच आहे," ते म्हणाले. "कशातच फरक नाही."

थोड्या वेळाने त्यांनीच मांडणी केली. साहेब माणूस पक्का शास्त्राचा. "ज्याची तारीख आधीची तो मूळ. प्लेट आधी, मामा नंतर. म्हणजे जंतू इथून तिथे गेला. तुझ्या हातून."

मी हादरले. पण खरं सांगते, मला बरंही वाटलं. हे भयंकर होतं, पण हे कारण होतं. मी तडक मामीकडे गेले आणि विचारलं, आखाजीनंतर मी तुमच्याकडे कधी आले? मामा आमच्याकडे कधी आला? काही खाल्लं, प्यायलं?

"तू?" मामी म्हणाली. "तू उंबरा तरी चढलीस का? मामालाही मीच येऊ दिलं नाही तुमच्याकडे. तुझ्या आईलासुद्धा आखाजीनंतर भेटला नाही तो."

तो रस्ताही बंद. आणि समजा उघडा असता, तरी वाफेतून निघालेल्या कापडावर तो पहिला ठिपका कुठून आला, हे उरलंच असतं. मामाला पाण्यातून झालं असेल — त्याच्या गल्लीत नळ आणि गटार शेजारी आहेत, त्यावर मी नंतर पत्रक काढलं, महापालिकेच्या अधिकाऱ्यांची नावं घेऊन भांडले. ते कारण खरंच आहे. पण ते मामाच्या तापाचं कारण आहे. माझ्या प्लेटचं नाही. उरलेले चौकोन मी पुन्हा तपासायला काढायला गेले, तर साहेबांनी सगळे जाळून टाकले होते. "सेफ्टी," एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आपल्या शोधनिबंधात त्यांनी मामाचा नमुना घातला. माझ्या प्लेटवरचा घातला नाही.

मामा दिवाळीनंतर कामावर गेला. पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत आला, बारीक झालेला, शर्ट खांद्यावरून ओघळत होता. हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. त्या दिवशी त्याने विणलेल्या कापडाचा तुकडा, या वेळी मोरपंखी.

"आते नीट शे मी," म्हणाला. "शिव काहीतरी. नहीते काप. तुले काय करनं ते कर."

तो गेल्यावर मी चौकोन कापला. वाफेत घातला, सुकवला, ठोकळ्यावर ताणला. पद्धत म्हणून हे करायलाच हवं होतं. नवं कापड, तोच विणणारा, काय येतं ते बघायचं. तपासणी होती ती... असं मी स्वतःला सांगत होते. कोरी प्लेट टेकवली, इन्क्युबेटरमध्ये ठेवली आणि घरी गेले.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी आले. प्लेट काढली, खिडकीशी नेली आणि उन्हात तिरकी धरली. डावीकडे खाली पाहिलं. मग सगळीकडे पाहिलं. काहीही नव्हतं. स्वच्छ.

आणि मी रडायला लागले. आनंदाने, हुंदके देऊन, एकटी. मामा बरा राहणार म्हणून.

कोऱ्या प्लेटवरून असलं काही कळत नसतं, हे मला तेव्हा माहीत होतं आणि आजही आहे. तरी मी त्या प्लेटला दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होते. का, ते मला विचारू नका.